देठ खुडलेली फुलं

आमचे नाना शिरपूरच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत. सातपुड्यातली रानफुलं वाळवायची आणि त्यांची कुळं ठरवायची, हा त्यांचा नाद. रानात जाणाऱ्या बायका फुलं आणून देत, पण देवाला वाहतात तशी, देठ खुडून, धुऊन.

"पान नाही, देठ नाही, फूल फांदीला कसं लागलं होतं तेही कळत नाही. यावरून कूळ काय कपाळ ओळखणार?" नाना कडाडत.

शेजारची झुंबरबाई हसायची. "गुरुजी, देठ तं कचरा शे!"

जन्मभर हेच चाललं.

बेचाळीस साली नाना गेले. बायका ओंजळी भरून रानफुलं घेऊन आल्या आणि त्यांच्या पायांवर वाहिली. मी रडता रडता ओरडले, "अगं बायांनो, आज तरी देठ ठेवायचे होते!"