फोनवरची शिवकन्या

डोंगरकडा गावात आशाताईचं काम करण्यात शिवकन्येनं उमेदीची सगळी वर्षं घातली. कुणाच्या सुनेला दिवस गेले की ही बया दारात हजर. आधी सासवा नाकं मुरडायच्या. पुढं पुढं तिला विचारल्याशिवाय त्यांचं पान हलेना. गर्भारणींनी लोहाच्या गोळ्या घ्याव्यात म्हणून तिनं केलेला व्हिडिओ तर गावानं कौतुकानं पाहिला.

त्याच व्हिडिओतून कुणीतरी तिचा चेहरा आणि आवाज उचलला. यंदा फोनवर दुसरीच शिवकन्या बोलू लागली. तसाच पदर, तसंच "बरं का बायांनो", आणि सांगणं काय, तर गोळ्या बंद करा, आमची पावडर घ्या. दोघी-तिघींनी ऐकलंही. स्वतःला असं खोटं बोलताना पाहून शिवकन्या तडक उठली. ती पोलिस ठाण्यात गेली.

"चेहरा-आवाज तुमचा, त्याच्यावर हक्कबी तुमचाच," हवालदार म्हणाले. "पन हे करनारे कुठं बसलेत, कोन जाने. कोर्टाचा हुकूम होऊन बंद पडंस्तवर दम धरा."

दम धरून चालणार होतं थोडंच? तिनं सारं गाव पालथं घातलं. "फोनवर माझं काहीबी ऐकू नका. मी दारात येऊन सांगन, तेच खरं." सखुबाईकडून तर तिनं ते वदवून घेतलं, कारण सखुबाईची सून मंजुषा आठव्या महिन्यात होती.

आज दुपारी शिवकन्या मीटिंगला तालुक्याच्या गावी, कळमनुरीत होती. तिथं डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. मंजुषाचा रक्तदाब वाढतच होता, त्यात लघवीचा रिपोर्टही वाईट आला होता. आत्ताच्या आत्ता हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात हलवा, झटके आले तर आई-लेकरू दोन्ही हातचे जातील, असं ते म्हणाले.

तिनं लगेच फोन लावला. सखुबाईनं उचलला.

"मावशी, मंजुषाला घेऊन लगेच हिंगोलीला निघा."

मागून मंजुषाचं कण्हणं ऐकू आलं. "आत्याबाई, डोकं फुटून राहिलं. समोरचं दिसंना."

"मावशी, पाया पडते. मीच बोलून राहिले, शिवकन्या."

"ती पावडरवालीबी असंच म्हनती."

"अहो, पोरगी हातची जाईल."

"हे बघ बाई, असं भेव घालू नको. आमची शिवकन्या दारात येऊन सांगन, तवाच मी सुनेला हलवन. तिच्या शब्दाबाहेर आमी न्हाई."

फोन कट झाला. जीपकडं धावताना शिवकन्या पुन्हा पुन्हा नंबर लावत होती. तो आता लागतच नव्हता.