ताईंचं उष्टं

आमच्या ताईंइतकं उष्ट्याला भिणारं माणूस अख्ख्या नाशकात दुसरं जन्माला आलं नसेल. प्रयोगशाळेत त्या माझ्या वरिष्ठ. मूळच्या निफाडकडच्या, पण ते फक्त जीव कासावीस झाला म्हणजे बोलण्यातून कळायचं. एका बशीतल्या पेशींना लागलेली नळी दुसऱ्या बशीकडे नुसती वळली, तरी "उष्टी झाली, टाक" म्हणत. जेवणाच्या सुट्टीतही हाच कायदा. गावाहून द्राक्षं आणली की कात्रीने घडाचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळ्या कागदावर वाढत. एकदा मिसळ खाताना माझा चमचा चुकून त्यांच्या रश्श्यात गेला, तर अख्खी वाटी शांतपणे माझ्यापुढे सरकवून त्यांनी कोरडा पाव खाल्ला. मला रागही यायचा आणि हसूही.

आमचं काम म्हणजे विषाणूची नांगी मोडायची, त्याच्या पाठीवर एक जनुक लादायचं आणि ते त्याच्याकडून हमालासारखं पेशीत पोचवून घ्यायचं. पोचलं की पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. शेजारी तुलनेसाठी साध्या पेशींची बशी. तिला विषाणूचा वाराही लागता कामा नये. या तुलनेवरच प्रकल्पाची मुदत वाढणार होती आणि ताईंची नोकरीही टिकणार होती.

नेमक्या साध्या पेशीच मरगळल्या. ताई त्यांच्याशी आजारी लेकराशी बोलावं तसं बोलू लागल्या. पेशी हळूहळू सावरल्या, आणि एका सकाळी पाहतो तर हिरव्यागार चमकत होत्या. नळी बदलायची राहिली असेल, असं मी म्हटलं. ताईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

"नळी नाय चुकली," त्या म्हणाल्या. "तिकडच्या पेशी ज्या पाण्यात वाढल्या, त्यात कस असतो, तेच गाळून मी यांना पाजलं. लय मलूल झाल्या होत्या रे. म्हटलं, विषाणू कवाच संपला असंल."

तो संपला नव्हता. गाळणीतून निसटून, जनुक पाठीवर घेऊन तो नको त्या घरी पोचला होता. कुणाच्या ताटातला घास न घेणाऱ्या बाईंनी मायेपोटी उष्टं पाजलं होतं. प्रकल्पाच्या मोठ्या साहेबांनी ती बशी गुपचूप वगळायला सुचवलं. ताईंनी भर बैठकीत स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून टाकलं, आणि प्रकल्प बंद झाला.

शेवटच्या दिवशी आम्ही बसची वाट पाहत थांब्यावर बसलो होतो. ताईंनी पिशवीतून पेरू काढला, एक चावा घेतला, आणि तोच पेरू माझ्या हातात दिला.

"गोड आहे, खा."

मी दातांच्या खुणेकडे बघत राहिलो. त्या बसमध्ये चढल्या, तेव्हा माझं तोंड पेरूने भरलेलं होतं, त्यामुळे नीट निरोपसुद्धा घेता आला नाही.

आता त्या इंदूरला बहिणीकडे असतात. फोनवर आधी हात धुतलेस का विचारतात. माझ्या नव्या नोकरीत सगळे एकमेकांच्या डब्यातलं खुशाल खातात, मलाही देतात. मी खातो. पण ताईंची आठवण येते, फार येते. तसा पेरू पुन्हा कुणी दिला नाही.