पाठमोरे आतोबा

बँडकडे पाठ करून बँड ऐकणारा माणूस माळव्यातल्या आमच्या धार गावात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. आम्ही सगळी भावंडं त्यांना आतोबा म्हणत असू. आतोबा कचेरीत कारकून होते असं लोक सांगत, पण कचेरी हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. खरं काम गुरुवारी संध्याकाळी असे. संस्थान होतं तोवर दर गुरुवारी दिवेलागणीच्या आधी राजवाड्यासमोरच्या बागेत सरकारी बँड वाजे. वाद्यं सगळी विलायती, पण बँडमास्तरांनी त्यांच्यावर आपले राग बसवले होते. श्रीरागातली एक गत शेवटी ठरलेली असे. तिला सगळं गाव ‘गुरुवारची गत’ म्हणे. त्या गतीत मध्येच सगळी वाद्यं थांबत आणि युफोनियम नावाचं एक पोटाएवढं पितळी शिंग एकटंच खालच्या सुरात बोलू लागे. त्या जागेच्या किंचित आधी आतोबांचा उजवा हात आपोआप वर जाई. जणू यांनी हात वर केल्याशिवाय शिंगवाला फुंकणारच नाही!

गुरुवारी आतोबांच्या घरात दुपारपासूनच सोवळं सुरू होई. जेवणात कांदा नाही, कारण कांदा खाल्ला की कानात सूर नीट शिरत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत होता. जेवणानंतर भांडी घासायची नाहीत, ती आपटली की कान मळतात. मग दुसरी अंघोळ, धुतलेलं धोतर, जरीची टोपी. पावसाळ्यात छत्री नेत. पण बँड सुरू झाला की मिटून ठेवत, कारण छत्रीवर पडणारा पाऊस बेताल पडतो. आत्या म्हणे, “यांना एवढी काळजी माझ्या खोकल्याची असती तर!” त्यावर आतोबा गंभीरपणे सांगत, “तुझा खोकला तालात असतो गं, तक्रार नाही.” मी लहानपणापासून याद्या करणारी आणि डबे लेबलं लावून ठेवणारी. त्यामुळे मला ते मुनीमबाई म्हणत, आणि गुरुवारी निघताना टोपी, उपरणं, रुमाल एवढं माझ्याकडून तपासून घेत.

बागेतल्या एका बाकावर तिघांची बैठक असे. आतोबा, सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर आणि कचेरीबाहेर झाडाखाली बसणारे अर्जनवीस. देवासचं कोणी आलं की हे तिघे त्याला धारेवर धरत. “तुमच्याकडे थोरली पाती, धाकटी पाती. दोन गाद्या, दोन बँड,” आतोबा म्हणत, “पण सूर दोघांत मिळून एकच. तोही आमच्याकडून उसना नेलेला.”

मग संस्थान विलीन झालं. दरबार गेला आणि बँडचा पगार थांबला. काही वाजवणारे पोलिसात गेले, काही गावी गेले. मास्तरांच्या घरी खाणारी तोंडं बरीच. त्यांनी उरलेल्या माणसांना आणि मोडक्यातोडक्या वाद्यांना घेऊन लग्नाचा बँड काढला. गडद लाल कोट शिवले, खांद्यावर सोनेरी झालरी लावल्या. पहिली मिरवणूक सराफ्यातून निघाली तेव्हा आतोबा आत्याच्या जोडव्यांसाठी तिथे उभे होते. ओळखीचं क्लॅरिनेट ऐकून त्यांनी घाईघाईने टोपी सरळ केली. आलाप संपेल, गत सुरू होईल म्हणून वाट पाहिली. सुरू झालं ते सिनेमातलं गाणं, तेही असं की पुढची पोरं नाचायला लागली. आतोबांनी मास्तरांकडे एकदा पाहिलं, आणि सावकाश वळून सोनाराच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मिरवणूक पुढे जाईपर्यंत हलले नाहीत.

तेव्हापासून ही रीतच पडली. बँड आला की आतोबांची पाठ. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असली तरी खुर्ची फिरवायला लावत. कंपाउंडरांच्या पुतण्याच्या लग्नात तर बँड मांडवातच बसला होता, तेव्हा हे पंगतीत कनातीकडे तोंड करून जेवले. वाढप्याने बाफले, म्हणजे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, त्यांच्या खांद्यावरून वाढले. बाकावरच्या तिघांचीही वाटणी झाली. अर्जनवीसांनी ‘सार्वजनिक अभिरुचीस पोहोचणाऱ्या उपद्रवाबाबत’ कलेक्टरसाहेबांना झोकदार अर्ज ठोकला. तो आरोग्य खात्याकडे गेला आणि तिथून माणूस येऊन त्यांच्या गल्लीतल्या गटारीत औषध टाकून गेला. कंपाउंडर उघडउघड फितूर झाले. “भिया, सच बोलू का? अपने को तो मजा आता है,” असं म्हणून ते दवाखान्यात बाटल्या भरताना तीच गाणी गुणगुणत. आतोबा कडाडले, “मजा! मांडूची खुरासानी चिंच पाहिलीस ना? बाहेरून ढोलाएवढी, फोडली की आत भुगा. तसली तुझी मजा.”

गंमत एवढीच, की पाठ फिरवून ते निघून कधी जात नसत. शेवटचा ढोल थांबेपर्यंत भिंतीकडे पाहत उभे. आत्याने एकदा विचारलं, “आवडत नाही तर मुकाट्याने घरी का येत नाही?” आतोबा म्हणाले, “आणि त्याच दिवशी मास्तरांनी गुरुवारची गत धरली तर?” म्हणजे हा माणूस भांडत नव्हता, वाट पाहत होता. मी व्यवहारी बाई. मी सुचवलं, “आतोबा, मास्तर दोन गल्ल्या सोडून राहतात. एका दुपारी बोलवा, चहा-पोहे करू, आणि सांगा ‘वाजवा’ म्हणून.” ते माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी देवाला तगादा लावायला सांगितलं होतं. “मुनीमबाई, गत मागून घ्यायची नसते. त्यांना वाटली पाहिजे.”

अशी वर्षं गेली. आतोबांची मुलगी शकू लग्नाची झाली आणि देवासचं स्थळ जमलं. मंडळी फार चांगली. व्याही म्हणाले, “हुंडा नको, मानपान नको. मुलाची हौस एवढीच की बँड झकास पाहिजे.” आणि झकास बँड धारेत एकच होता. आतोबांनी तीन वेळा उपरणं झटकलं. वधूपित्याने जानवशाला जाऊन नवरदेवाला वाजतगाजत मांडवात आणायचं, ही आमच्याकडची चाल. म्हणजे सबंध रस्ता बँडच्या पुढे चालायचं! लग्नाच्या याद्या माझ्याकडे होत्या, तेव्हा बँड ठरवायला मीच गेले.

मास्तर म्हातारे झाले होते. ओसरीवर बसून क्लॅरिनेट पुसत होते. माझं ऐकून त्यांनी पहिलं विचारलं, “साब खुद नी आया?”

मी पिशवीतून बयाण्याचे पैसे काढले.

“पैसे की बात मत करना, बाईसाब. शकू बिटिया अपनी है. बस साब से केना, एक बार सामने मूं करके सुन लो. इत्ते साल से मैं उनकी टोपी का पिछवाड़ा देख रिया हूँ.”

“मग तुम्ही कधी ती गुरुवारची गत का नाही वाजवलीत?” मी विचारलं.

“वो केते तो बजाता. मैंने सोचा, साब का मन उतर गया हमसे.”

दोन गल्ल्यांच्या अंतरावर दोन शहाणी माणसं एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत बसली होती. मी घरी येऊन आतोबांना सगळं सांगितलं. त्यांनी खुंटीवरची जरीची टोपी काढून झटकली. मग म्हणाले, “त्या दिवशी स्वयंपाकात कांदा नको.”

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. जानवशाच्या दारात नवरदेव घोड्यावर बसला, आणि आतोबा जरीची टोपी घालून बँडच्या समोर, अगदी तोंड करून, उभे राहिले. मास्तरांनी त्यांना वाकून सलाम केला आणि क्लॅरिनेट ओठांना लावलं. श्रीराग! पहिला सूर आला तसे आतोबांचे डोळे मिटले. देवासची पोरं कुजबुजली, “ये कायका गाना है, भिया?” पण मास्तर वाजवत होते. त्यांच्या मागे एक जुना ट्रंपेटवाला आठवत आठवत सुरांतून वाट काढत येत होता. नवी माणसं नुसती झांजा हातात धरून उभी होती. गत त्या जागेपाशी आली. आतोबांचा हात वर गेला. सगळी वाद्यं थांबली.

आणि पुढे काहीच वाजलं नाही. युफोनियमवाला धरमपुरीला मुलाकडे गेला होता आणि तिथेच वारला. त्याचं शिंगही मोडीत गेलं होतं. आतोबांचा हात वरच्या वर राहिला. त्यांनी डोळे उघडले. मग त्या गृहस्थांनी, व्याह्यांसमोर, भर रस्त्यात, तोंडानेच सुरुवात केली, “भों… भोंऽऽ भों…” त्यांना ती जागा सूर न् सूर पाठ होती. घोडा बिचकला. वऱ्हाडी खो खो हसले. कंपाउंडर मात्र हसले नाहीत. मास्तरांनी तो धागा पकडायचा प्रयत्न केला, दोन पावलं बरोबर गेले, आणि अडखळले. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. क्लॅरिनेट खाली घेऊन ते हळूच म्हणाले, “आगे का याद नी आ रिया, साब. बजाया नी ना कित्ते बरस.”

“मी म्हणायला हवं होतं,” आतोबा म्हणाले.

“मुझे बजाना था.”

मुहूर्त जवळ आला होता. व्याही घड्याळ बघत होते. आतोबांनी उपरण्याने तोंड पुसलं. “वाजवा मास्तर, तुमचं ते नवं वाजवा. पोरं खोळंबलीत.”

सिनेमाचं गाणं सुरू झालं आणि मिरवणूक हलली. आतोबांनी माझ्याकरवी मास्तरांना शब्द दिला होता, तोंड करून ऐकीन म्हणून. पण चालायचं तर बँडच्या पुढे! तेव्हा जानवशापासून मांडवापर्यंत आमचे आतोबा बँडकडे तोंड करून उलटे चालत गेले. ते गटारीत पडू नयेत म्हणून मी कोपर धरून दिशा सांगत होते, “डावीकडे घ्या, आतोबा. आता खांब आहे.” सगळं गाव हसत होतं. ते मास्तरांकडे बघून मान डोलावत होते. चुकीच्या जागी, पण डोलावत होते.

त्यानंतर त्यांनी बँडकडे पाठ कधी फिरवली नाही. बँड आला की थांबत, समोर तोंड करून सभ्यपणे उभे राहत, आणि मिरवणूक संपायच्या आत घरी येत. आत्याला वाटलं, सुधारले. मला मात्र ती भिंतीकडची पाठच बरी वाटायची.

गुरुवारी संध्याकाळी ते बागेत जात राहिले. मी कधी शाळेत शिकवून परतताना तिकडून गेले तर ते बाकावर एकटे दिसत. बागेत काही वाजत नसे. बसल्या बसल्या मध्येच त्यांचा उजवा हात वर जाई आणि थोडा वेळ तसाच राही. मी हाक मारली की हात खाली घेत आणि म्हणत, “काही नाही गं, मुनीमबाई. माशी होती.”