शांताच्या पाठीवरचा लाल डाग

महिनाभर दवाखान्यात राहून वलगावला आलो. भेटायला येणारे आजार विचारतात आणि मी किस्से सांगत बसतो. मी कमी बोलणारा माणूस, पण वॉर्डात नुसतं बसून राहिलं तरी गोष्टी साचतात.

माझी बायको शांता लकव्याने आडवी झाली होती. अमरावतीच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी तिच्या पाठीच्या खालच्या टोकाला लाल डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, तिथे जखम झाली तर बसवण्याचा व्यायाम थांबेल, मग ती कधी उठेल सांगता येत नाही.

इंगळे सिस्टर वॉर्डात सगळ्यांत जुन्या. त्यांनी स्पिरिट-पावडर दिली, चोळा म्हणाल्या. मी चोळत होतो, तोच नव्या नाजिया सिस्टरने माझा हात धरला. लाल जागा चोळली की आतलं मांस आणखी दुखावतं, हे आता तपासून पाहिलंय, म्हणाली.

इंगळे सिस्टर तापल्या. "तीस वर्षं चोळून राहिलो आमी!"

नाजिया हळूच म्हणाली, "त्यात किती पाठी फुटल्या, ते कोणं लिहून ठेवलं, सिस्टर?"

इंगळे सिस्टर पावडरचा डबा उचलून निघून गेल्या.

*

अकोल्याच्या जावयांनी शांताच्या खाली ठेवायला हवेची रबरी रिंग आणली. नाजियाने तीही काढली. रिंगच्या काठाने रक्त अडतं म्हणे. जावई रुसले. "आता हिचं करू काय?"

शांता वाकड्या तोंडाने म्हणाली, "पोहायले जा."

लकव्यानंतरचं तिचं पहिलं धड वाक्य!

*

दर दोन तासांनी कूस बदलायची आणि कागदावर लिहायचं. मला लिहिणं फारसं येत नाही. खिडकीकडे वळवली की मी खिडकीचं चित्र काढायचो, दाराकडे वळवली की दाराचं. एका दुपारी नाजियाने कागद पाहिला, तर चित्रच नव्हतं.

"झोपली होती, सिस्टर. कशी हलवू?"

"बाबा, झोप पुन्हा लागते. पाठ फुटली तर?"

मी हलवलं. शांताने मला शिव्या दिल्या. मी दार काढलं.

*

नाजिया रोज डाग बोटाने हलकेच दाबून लाली फिकी पडते का पाहायची. इंगळे सिस्टर लांबून बघायच्या. बाराव्या दिवशी डाग गेला. शांताला खुर्चीत बसवलं. मी व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून आलो.

त्याच दुपारी शेजारच्या खाटेवर एक जण आपल्या आईची पाठ स्पिरिटने चोळत होता. इंगळे सिस्टरनी धावत जाऊन त्याचा हात धरला.

"कोण्या शहाण्यानं सांगतलं हे तुले?"

तो घाबरून उभा राहिला.

"तुमीच सांगतलं, सिस्टर. सोमवारी."