नीट लावलेले खडे

मुलीच्या अंगणातले विखुरलेले खडे मी सकाळी उठून ओळीत लावून टाकले. ती राजस्थानच्या वाळवंटात मधमाश्यांचा अभ्यास करते. मी चार दिवसांचा पाहुणा. पण पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात.

थोड्या वेळानं एक माशी आली, पायांना पिवळे पराग माखलेली. या जातीला पोळं नसतं, राणी नसते. मादी एकटीच जमिनीत बीळ खणते, पिल्लासाठी परागाचा लाडू वळते आणि आजूबाजूचे खडे बघून आपलं दार ओळखते. दार उघडंच होतं. ती मात्र ओझं घेऊन वीतभर अंतरावर घिरट्या घालत राहिली.

मी घाईघाईनं खडे परत ठेवायला गेलो. पण कुठला खडा कुठे होता, हे मला कुठे आठवत होतं? तिनं मोहरीएवढ्या डोक्यात जपलेलं घर माझ्या एवढ्या थोरल्या डोक्यानं धड पाहिलंही नव्हतं. आजवर ज्यांची ज्यांची घरं मी न विचारता 'नीट' केली, ती सगळी माणसं डोळ्यांपुढून गेली आणि मान वर होईना.

"बाबा, राहू द्या आता," मुलगी म्हणाली. "तुम्ही स्वयंपाकघर आवरलंत की आईपण अशीच फिरते."