किल्टवरचा काळा कोट

नव्वदच्या दशकात दुबईच्या आमच्या ऑफिसात एक स्कॉटिश इंजिनिअर होता. उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर मराठी मंडळींची सहल ठरली, तेव्हा मी त्यालाही बोलावलं. त्याला किल्ट, म्हणजे त्यांच्याकडचा चौकड्यांचा, चुण्यांचा घागरा घालून यायचं होतं. "वर साधा टी-शर्ट चालेल ना?" त्याने विचारलं. मला ते पटेना. फेटा बांधून खाली कोणी बनियन घालतं का? "कोट-टायच घाल," मी ठासून सांगितलं.

शुक्रवारी आम्ही सगळे हाफ पँटमध्ये, आणि हा काळ्या कोटात घामाने निथळत उतरला. "यल्ला, चला चला, नवरदेव आले! वरात कुठंय?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले, मीही हसलो. बायकोने त्याला विचारलं, "एवढ्या उन्हात कोट कशाला?"

"माझीच हौस," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

तिने त्याला माझा जादा टी-शर्ट दिला. तो घालून, मोजे घोट्यापर्यंत सारून तो पोरांबरोबर क्रिकेट खेळला. छान दिसत होता. मंडळी अजूनही त्याच्या हौसेवर हसतात. तो कोट माझ्या हट्टापायी होता, हे मी तिथेच सांगायला हवं होतं.