उजवी बाजू

चांगुणामावशीने स्वतःच्या दुखण्याचा बोभाटा केलेला मी कधी पाहिला नव्हता. विळा लागला तर चिंधी बांधून कामाला, ताप आला तर डोक्याला फडकं गुंडाळून कामाला. म्हणून ऐन कापसाच्या वेचणीत ती भरदुपारी माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि "पंकजा, दार लाव गं जरा," म्हणाली, तेव्हा मी हातातलं काम टाकून उठले.

मी वालूरची आशा कार्यकर्ती. गावातली बाळंतपणं, लशी, तापाच्या गोळ्या माझ्याकडे. मावशी माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण, त्यामुळे तिचं सगळं मला ठाऊक. माहेर बोरीचं. नवरा सटवाजी लवकर गेला. रोजानं जाऊन तिनं एकुलत्या एक नागेशला शिकवलं, शुभदासारखी गुणी सून आणली, आणि आता जरा पाय लांब करून बसावं म्हणते तोच पोराच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मावशीनं आपली डावी किडनी त्याला दिली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, बाई, स्वखुशीनं देताय ना? "जल्म दिला तवा कुणी इचारलं न्हाई, आन् येवढ्याशासाठी किती इचारता?" असं म्हणून तिनं त्यांनाच गप्प केलं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नागेश धडधाकट आहे, गावात झेरॉक्सचं दुकान चालवतो.

दार लावलं. मावशी खाली बसली, तीही भिंतीला धरून.

"कंबर दुखायलीय. एकाच अंगाला. उजव्या."

डावी दिली, उरली ती उजवी.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि आज सांगतेस?" माझा आवाज चढला. घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. "लघवीचं कसं आहे?"

"थोडी थोडी होतीय. अन् पिवळीजर्द."

"पाणी पितेस ना?"

तिनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "कमी केलंय. ती एकटी हाय बिचारी. दुखायलीय म्हणल्यावर म्हणलं, तेवढंच तिला काम कमी."

मी कपाळावर हात मारला. बाईनं किडनीला विसावा म्हणून पाणी तोडलं होतं! पाणी कमी म्हणून लघवी कमी, लघवी कमी म्हणून भीती जास्त, आणि भीती जास्त म्हणून पाणी आणखी कमी. तांब्या भरून तिच्यासमोर आदळला आणि तो रिकामा होईपर्यंत मी समोरून हलले नाही.

"नागेशला सांगू नको," ती म्हणाली. "माझ्यापायी झालं म्हणून झुरून झुरून मरंल त्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळे दाखवायला चाललो असं घरी सांगून आम्ही सेलूच्या दवाखान्याला निघालो. शुभदानं चहा पुढे केला, तर मावशीनं तो नको म्हटला, तपासणीला उपाशी यायचं असं मीच बजावलं होतं. जीप खड्ड्यात आदळली की मावशी उजव्या कुशीवर तळहात दाबायची, जणू आत झोपलेलं पोर दचकून उठेल. मी सारखी इकडचं तिकडचं बोलत होते. मनात मात्र एकच, मुतखडा असेल का? सूज असेल का? आहे ती एकच, तिला काही झालं तर?

रक्त दिलं, लघवी दिली. सोनोग्राफीवाल्यानं पडद्याकडे बघून सहज म्हटलं, "किडनी मोठी दिसतेय." मावशीनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. पुढं काही विचारावं तर तो म्हणाला, बाकी डॉक्टर सांगतील, रिपोर्ट आल्यावर.

बाहेर बाकड्यावर आम्ही रिपोर्टची वाट बघत बसलो. मी आणलेली केळी तशीच पिशवीत राहिली. मावशी म्हणाली, "पंकजा, एक इचारू? माझी खराब झाली तर त्याच्यातली बी होती का गं? एकाच अंगातल्या हायेत न्हवं."

"नाही गं मावशी. त्याची वेगळी, तुझी वेगळी."

"नक्की?"

"नक्की."

"मग माझं काय बी निघू दे," असं म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं.

डॉक्टर अर्पिता तरुण पण शांत बाई. रिपोर्ट वाचले, पुन्हा वाचले. आम्ही दोघी तिच्या भुवयांकडे बघत होतो.

"किडनी उत्तम आहे," ती म्हणाली.

"पर मोठी झालीय म्हणले," मावशी पुटपुटली.

"होणारच. दोघींचं काम एकटी करते ना. कामाला लागली की वाढते ती. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

मग तिनं मावशीला पालथं झोपवून बरगड्यांखाली दाबलं. मावशी गप्प. खाली, कमरेच्या हाडापाशी दाबलं आणि मावशी जोरात ओरडली.

"किडनी वर असते, दुखणं खाली आहे. वाकताना, उठताना जास्त होतं ना? ताप नाही, जळजळ नाही. कापूस वेचता तर ओटी कशी बांधता, दाखवा बरं."

मावशीनं माझी ओढणी घेतली, कमरेला झोळी बांधली आणि सगळा झोल उजवीकडे ओढून घेतला.

"डावीकडे का नाही?"

"ती बाजू पोकळ हाय की. वजन कसं पेलंल?"

ऑपरेशन झाल्यापासून बाईनं कापसाची ओटी, पाण्याची घागर, कडेवरचं नातवंड, सगळं एका उजव्या अंगावर वाहिलं होतं! मी रोज बघत होते आणि मला कधी काही वाटलं नाही. डॉक्टर म्हणाली, आत काही पोकळ राहिलेलं नाही, वजन दोन्हीकडे वाटून घ्या, थोडे दिवस ओझं बंद, गरम शेक घ्या, पाणी भरपूर प्या. आणि दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्यांना मनानं हात लावायचा नाही, एका किडनीवर त्या महागात पडतात.

परतताना मावशीनं केळीही खाल्ली आणि बाटलीभर पाणीही प्यायलं.

नागेश दुकान बंद करून ओट्यावर बसला होता. चेहरा उतरलेला.

"डोळे दाखवायला कुणी उपाशीपोटी जातं का?" त्यानं विचारलं. "कमरेवर हात ठेवून चालायलीस, ते मला दिसत न्हाई व्हय? उजवीच दुखायलीय ना?"

"आरं, हाडाचं दुखणं हाय. किडनी चांगली हाय म्हणली डॉक्टरीण. इचार पंकजाला."

मी मान डोलावली. त्यानं डोळे मिटून घेतले, आणि मग खाली बघत म्हणाला, "मी सकाळी संभाजीनगरच्या डॉक्टरांना फोन केला होता."

"कशाला?"

"तुझी मला बसवलेली काढून परत तुला बसवता येती का, इचारायला."

मावशी दिवसभर रडली नव्हती, ती आता मटकन त्याच्याशेजारी बसली.

"काय म्हणले त्ये?"

"न्हाई येत म्हणले."

"बरं झालं," मावशी म्हणाली. आणि त्याच्या ओटीपोटावर, जिथं तिची किडनी आहे तिथं, हात ठेवून ती हुंदके देऊन रडायला लागली.